ड्रॉवरमधलं पिस्तूल आणि मागचं दार

फोनवर एका गृहस्थांनी विचारलं ते एवढंच: पिस्तुलाच्या नळीखाली बसवायची टॉर्च कुठली चांगली? मी घरांची सुरक्षा तपासतो आणि शस्त्र हाताळायला शिकवतो, त्यामुळे असले प्रश्न रोजचेच. पण या माणसाला टॉर्च आजच्या आज हवी होती. "एवढी घाई कसली?" असं विचारलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती, आणि मग सगळं बाहेर आलं.

दोन रात्रींपूर्वी, दोन वाजून गेल्यावर, मागच्या दाराचा आवाज झाला. ते उठले. पलंगाशेजारच्या ड्रॉवरमधून पिस्तूल काढलं. मॅगझिन (गोळ्यांची खोबण) भरलेलं, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, गोळी चढवलेली: चाप ओढला की सुटणार. अंधारातच बोळात आले. स्वयंपाकघरात फ्रिजजवळ कोणीतरी वाकलेलं होतं. त्यांनी पिस्तूल उचललं, बोट चापावर गेलं. त्या आकृतीला शिंक आली. शिंक ओळखीची होती. एकोणीस वर्षांची त्यांची मुलगी, शिकायला बाहेरगावी असते, एक दिवस आधीच परतली होती. फोनची बॅटरी संपलेली, पुढच्या दाराला आतून कडी, आणि सगळ्यांची झोप कशाला मोडायची म्हणून मागच्या दारानं आत आली. ते दार जरा वर उचलून ढकललं की उघडतं, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक.

"टॉर्च असती तर मला दिसलं असतं," ते म्हणाले.

दिसलं असतं, हे खरं. पण पिस्तुलावर बसवलेल्या टॉर्चनं बघायचं म्हणजे जे बघायचं त्यावर नळी रोखायची. म्हणजे मुलगी उजेडात दिसली असती, पण नेमाखालीच. टॉर्च हवी असेल तर ती दुसऱ्या हातात. हे फोनवर सांगितलं आणि घर पाहायला येतो म्हणालो. (या लेखात त्या घराची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

घरात पाच माणसं. ते स्वतः बावन्न वर्षांचे, बायको, ही मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तरीच्या आई. आईंना अलीकडे विसरायला होतं, रात्री उठून फिरतात. शस्त्रं दोन: ते पिस्तूल, आणि वडिलांच्या वेळची दुनळी बंदूक. घर बैठं. एक बोळ, त्याच्या एका टोकाला झोपायच्या दोन खोल्या, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून आईंची खोली.

मी पहिल्यांदा पिस्तूल बघायला मागत नाही. मागचं दार बघतो. माझ्याकडे स्टॉपवॉच असतं, त्यांच्या हातात दिलं आणि बाहेर गेलो. दार उचलून ढकललं. चार सेकंद. बिजागऱ्यांचे स्क्रू जेमतेम पाऊण इंची, तेही सैल, त्यामुळे दार चौकटीत खाली बसलेलं. उचललं की लॅचची जीभ पट्टीतून सुटते. तिथून बोळातून त्यांच्या पलंगापर्यंत न धावता चालत गेलो. नऊ सेकंद. म्हणजे बाहेरचा माणूस पलंगापाशी यायला तेरा सेकंद, आणि त्यातले पहिले चार जवळजवळ मुकाट्यानं. झोपलेल्या माणसाच्या वाट्याला नऊ उरतात. या नऊ सेकंदांत जागं व्हायचं, आवाज कसला ते ठरवायचं, हत्यार काढायचं, समोर कोण आहे ते ओळखायचं आणि गोळी झाडायची की नाही याचा निर्णय घ्यायचा. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू काही मिनिटं धड चालत नाही, हे झोपेचा अभ्यास करणारे सांगतात. रात्रपाळीला डुलकी काढलेल्या कोणालाही ते विचारावं.

हे त्यांना पटलं, पण उलट्या बाजूनं. "तेच तर! नऊच सेकंद आहेत म्हणून तर उघड्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. कुलपात ठेवलं तर हाताशी येणार कधी?"

हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. फक्त चुकीच्या जागी विचारलेला असतो. नऊ सेकंद कमी पडतात हे खरं असेल तर ते वाढवायचे कुठे? ड्रॉवरपाशी फार तर दोन-तीन सेकंद वाचतात. दारापाशी मिनिटं मिळतात.

ड्रॉवरकडे परत यायला मला थोडा वेळ लागला, कारण मध्ये बोळ होता. ज्या जागी ते त्या रात्री उभे राहिले तिथेच त्यांना उभं केलं आणि हात फ्रिजच्या दिशेनं धरायला सांगितला. फ्रिजच्या मागे पातळ पार्टिशन, पार्टिशनच्या मागे आईंचा पलंग. पिस्तुलाची गोळी असल्या पार्टिशनमधून आरपार जाते, आणि ती चुकली असती तर आधी तिथेच पोचली असती. मागे वळायला सांगितलं, तर त्या रेषेत मुलाची खोली. जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाचे चार नियम शस्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ करायला लावतात: प्रत्येक शस्त्र भरलेलंच समजा, जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नका, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. त्यांनाही पाठ होते. त्या रात्री चारपैकी तीन मोडले. पाठ असणं आणि झोपेतून उठून पाळणं यांत फरक आहे, म्हणून नियमांच्या भरवशावर घर सोडायचं नसतं.

मग ड्रॉवर. वरच्या कप्प्यात रुमालाखाली पिस्तूल. "मुलाला माहीत नाही," ते ठामपणे म्हणाले. मी मुलाला बोलावलं आणि वडिलांसमोरच, रागावणार नाही असं कबूल करून, विचारलं. आधी ते खालच्या कप्प्यात असायचं, मग वर आलं, त्याखाली एक निळी डबी आहे, असं त्यानं सांगितलं. हात लावला होता का? एकदाच. वडिलांचा चेहरा बघवत नव्हता.

असं समजणारे ते एकटे नाहीत. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मुलांना शस्त्राची जागा ठाऊक नाही असं सांगणाऱ्या दहापैकी जवळपास चार पालकांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. त्याआधी २००१ मध्ये आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांवर एक प्रयोग झाला. दोन-तिघांच्या गटानं त्यांना एका खोलीत पंधरा मिनिटं सोडलं. ड्रॉवरमध्ये खेळण्यातल्या पाण्याच्या पिचकाऱ्या आणि एक खरं, निकामी केलेलं पिस्तूल होतं. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडलं, १० गटांत कोणीतरी चापही ओढला. ज्यांनी ते हाताळलं त्यांतल्या बहुतेकांना शस्त्रापासून दूर राहायचं हे आधी कधीतरी शिकवलेलं होतं. "मी त्याला नीट समजावून सांगितलंय" हे वाक्य ऐकलं की मला हा प्रयोग आठवतो. लपवलेलं आणि कुलपातलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लपवलेलं शोधणं हाच तर मुलांचा खेळ.

कुलपाची पेटी त्यांच्याकडे होती, हे नंतर कळलं. बोटाच्या ठशावर उघडणारी, कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडलेली. "कधी उघडते, कधी उघडत नाही, म्हणून सोडून दिली." मी माझा अंगठा लावला. उघडली. त्यांच्या बायकोनं लावला, उघडली. ठसे नोंदवायची पायरी त्यांच्याकडून अर्धवट राहिली होती, आणि काही पेट्या अशा अवस्थेत कुणाच्याही बोटाला दाद देतात. हे काही एका घरापुरतं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत अशाच दोषासाठी सुमारे ६१,००० पेट्या परत मागवल्या गेल्या. ठसा नोंदवलाय असं मालकाला वाटायचं आणि पेटी सगळ्यांसाठी उघडी असायची. एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूवरून त्या कंपनीवर दावाही झाला होता. ठशाची पेटी घेऊच नये असं मी म्हणत नाही, पण घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे घरातल्या इतर सगळ्यांची बोटं लावून ती उघडत नाही ना हे बघणं. ओल्या, घामेजल्या बोटानं आपलंही बघावं. बॅटरी उतरल्यावर काय होतं तेही.

दुनळीची गोष्ट थोडक्यात सांगतो. ती कपड्यांच्या कपाटात चामड्याच्या आवरणात होती, काडतुसं त्याच फळीवर, कपाटाची किल्ली फुलदाणीत. चामडं ओल धरतं, त्यामुळे नळीवर गंजाचे ठिपके. ती बंदूक कोणी वापरत नाही, वापरायचीही नाही. मग तिची जागा भिंतीला बोल्टनं घट्ट बसवलेल्या पोलादी कपाटात, रिकामी, सिलिका जेलच्या पुडीसह. आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. फुलदाणी घराबाहेर गेली तरी चालेल असं मी म्हटलं, त्यांच्या बायको हसल्या. पहिल्यांदाच.

त्या आतापर्यंत फारसं बोलल्या नव्हत्या. मी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा बोलल्या. हा प्रश्न मी टाळत नाही, जरी विचारताना जीभ जड होते: घरात सध्या कोणी खचलेलं आहे का? साहेब म्हणाले, "छे." बाईंनी मुलीच्या खोलीकडे पाहिलं. मुलगी एक दिवस आधी परतली ती सुट्टी लागली म्हणून नव्हे. परीक्षेचा एक भाग तिनं दिलाच नव्हता, आठवडाभर धड झोपली नव्हती, आणि हे तिनं आईला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. वडिलांना कसं सांगायचं ते ठरत नव्हतं.

इथे प्रकरणाचं तोंड फिरलं. ते चोराचा हिशेब करत होते. पण अमेरिकेसारख्या शस्त्रांच्या देशातसुद्धा बंदुकीनं जाणाऱ्या बळींत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे शस्त्र दुसरी संधी देत नाही. इतर बहुतेक मार्गांतून माणसं वाचतात, शस्त्रातून दहातली नऊ वाचत नाहीत. आणि हे क्षण बहुधा लांबत नाहीत. २००१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, जवळपास जीवावर बेतलेल्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांपैकी साधारण चौघांत एकानं सांगितलं की ठरवणं आणि करणं यांत पाच मिनिटंही गेली नव्हती. इस्राएलच्या सैन्यानं २००६ मध्ये सुट्टीवर घरी जाणाऱ्या सैनिकांना रायफल छावणीतच ठेवायला सांगितलं, तर आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्या. सैनिक तेच, दुःखं तीच, फक्त हाताच्या अंतरावरचं हत्यार नव्हतं.

मघाशी आम्ही दारापाशी मिनिटं शोधत होतो. इथेही तेवढीच मिनिटं हवी होती, पण घरातल्याच माणसासाठी, आणि ती दारावर मिळत नाहीत, पेटीवर मिळतात. तेही पुरेसं नाही असं मला वाटलं. मी स्पष्ट सांगितलं: काही आठवडे दोन्ही शस्त्रं घरात नकोत. ते नेमबाजीचा सराव करायला जातात त्या रेंजवर सभासदांची शस्त्रं ठेवायची अधिकृत सोय होती. (ही सोय प्रत्येक ठिकाणी कायद्यात बसते असं नाही, आधी विचारून घ्यावं, आपलं शस्त्र सहज दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवणं बऱ्याच देशांत गुन्हा ठरतो.) मुलीला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. तिथपर्यंत माझं काम. पुढचं माझ्या कक्षेतलं नाही.

ते चिडले. "म्हणजे घर मोकळं टाकायचं?"

मोकळं टाकायचं नव्हतं. शस्त्रं गेल्यावर आम्ही घरच बांधायला घेतलं, आणि दोन महिने घर शस्त्राशिवाय राहिलं म्हणून काम नीट झालं असं माझं मत आहे. ड्रॉवरमध्ये पिस्तूल असतं तर मागचं दार आणखी दहा वर्षं तसंच राहिलं असतं.

मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना आणि बोल्ट शिरतो त्या पट्टीला तीन इंची स्क्रू लावले. छोटे स्क्रू फक्त चौकटीची फळी धरतात, लांब स्क्रू चौकट ओलांडून मागच्या भक्कम आधारात जातात. लाथेनं दार तुटत नाही, बहुधा चौकट फुटते, म्हणून खर्च दारावर नाही तर चौकटीवर करावा. लॅचच्या जोडीला डेडबोल्ट आला, म्हणजे किल्ली किंवा खटका फिरवल्याशिवाय मागे न सरकणारा जाड बोल्ट, एक इंच आत जाणारा. स्वयंपाकघराच्या काचेला आतून सुरक्षा फिल्म लावली, त्यामुळे काच फुटते पण पडत नाही, हात घालायला वेळ लागतो आणि आवाज होतो. दार-खिडक्यांना साधे चुंबकी सेन्सर, मागच्या अंगणात हालचालीनं लागणारा दिवा. आईंना रात्री फिरायची सवय असल्यानं घरातला हालचालीचा सेन्सर मी मुद्दाम लावला नाही. रोज रात्री खोटा भोंगा वाजला की चौथ्या दिवशी माणूस तो बंद करून टाकतो.

सगळ्यात उपयोगी पडली ती गोष्ट मात्र सगळ्यात जुन्या पद्धतीची होती. "घुसखोर आला तर खोलीत कोंडून घ्या, फोन करा, बाहेर जाऊ नका" असं सगळेच सांगतात. पण मुलगा एका खोलीत आणि आई घराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर जो बापही आहे आणि मुलगाही, तो आपल्या खोलीत कोंडून कसा बसेल? तो बोळात येणारच, आणि बोळात आला की त्या रात्रीचीच गोष्ट पुन्हा. म्हणून आईंची खोली बदलली. झोपायच्या बाजूला एक जुनी अडगळीची खोली होती, ती त्यांना दिली. आणि बोळाच्या मध्यावर भरीव लाकडी दार बसवलं, आतून कडी. आता रात्री पाचही माणसं एका दाराच्या अलीकडे असतात. कोणाला शोधायला बाहेर पडायचं कारणच उरलं नाही. पलीकडच्या स्वयंपाकघरात टीव्ही जातो की फ्रिज, जाऊ दे. दाराआडून ओरडून सांगायचं की पोलिसांना बोलावलंय, आणि फोन चालू ठेवायचा.

काम झाल्यावर पुन्हा स्टॉपवॉच. या वेळी त्यांनी त्यांचा धडधाकट भाचा आणला आणि कुलपाला लाथा न घालता जे करता येईल ते करायला सांगितलं. डेडबोल्टशी झटून तो तीन मिनिटांनी कंटाळला. लाथांनी दार किती वेळ टिकेल ते काही मी मोजलं नाही, पण ते आवाजाशिवाय उघडणार नाही आणि तेरा सेकंदांत तर नाहीच. त्यानंतर बोळाचं दार आहेच.

मुलीच्या डॉक्टरांनी आणि बाईंनी दोघांनी हो म्हटल्यावर पिस्तूल परत आलं. दुनळी आलीच नाही, ती त्यांनी रीतसर देऊन टाकली. पिस्तुलासाठी नवी पेटी घेतली, यांत्रिक बटणांची, बॅटरीशिवाय चालणारी, आणि ती पलंगाच्या पोलादी पट्टीला आतून बोल्ट केली. नुसती ठेवलेली पेटी चोर पेटीसकट नेतो. अमेरिकेत २००५ ते २०१० या काळात चोऱ्यांमधून दर वर्षी सरासरी २,३२,४०० शस्त्रं गेली, असं तिथल्याच सरकारी आकड्यांत आहे. काही स्वस्त पेट्या वरून जोरात आपटलं की उघडतात, म्हणून विकत घेण्याआधी तेही करून बघितलं. दुकानदाराला आवडलं नाही.

सराव निळ्या प्लॅस्टिकच्या नकली पिस्तुलानं केला. अंधारात, झोपेतून उठवून. पहिल्या रात्री अकरा सेकंद लागले, एकदा कोड चुकला. आठवड्यानं पाच. उघड्या ड्रॉवरमधून तीन लागायची. म्हणजे कुलपाची किंमत दोन सेकंद, ज्या दोन सेकंदांवर ते माझ्याशी पहिल्या दिवशी तासभर भांडले होते.

चेंबर रिकामी ठेवायची हे त्यांनी मान्य केलं. मॅगझिनही वेगळ्या कुलपात असावं असं माझं म्हणणं होतं. २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्र कुलपात, रिकामं, गोळ्या कुलपात आणि शस्त्रापासून वेगळ्या, या चारही गोष्टी मुलांच्या अपघात-आत्महत्यांचा धोका कमी करताना दिसल्या होत्या. त्यांनी मॅगझिन पेटीतच ठेवलं. ही तडजोड आहे, आणि माझ्या मते कमी सुरक्षित बाजूची. कॅनडासारख्या देशात साठवणुकीचे नियम कायद्यातच लिहिलेले आहेत, ऑस्ट्रेलियात तर स्वसंरक्षण हे परवान्याचं ग्राह्य कारणच नाही. त्यामुळे आपण राहतो तिथला कायदा आधी वाचावा, माझं मत नंतर.

बाईंनी जाताना विचारलं, "आता एवढी दारं झाली, मग ते कशाला हवंय?" मी त्यांना आकडा सांगितला. अमेरिकेत २००३ ते २००७ मधल्या घरफोड्यांत घरात कोणी असण्याचं प्रमाण २८ टक्के होतं, आणि घरच्यांवर हिंसा झाली ती एकूण घरफोड्यांपैकी सात टक्क्यांत. सात टक्के म्हणजे शून्य नव्हे, असं साहेब म्हणाले. आणि शंभरही नव्हे, असं बाई म्हणाल्या. त्यांचं ते अजून चालू आहे, आणि त्यात पडायचं मला काही कारण नाही.

तीन महिन्यांनी ठरल्याप्रमाणे पुन्हा पाहायला गेलो. बोळाच्या दाराची कडी झिजून गुळगुळीत झाली होती, म्हणजे रोज लागत होती. मागच्या दाराचा डेडबोल्ट मात्र उघडाच, कचरा टाकायला गेल्यावर परत लावायचा राहिलेला. मुलगी कॉलेजला परत गेली होती. आता रात्री यायचं तर आधी फोन करते आणि दाराबाहेरूनच हाक मारते, असं बाईंनी सांगितलं. पेटी बंद होती. मी मुलाला विचारलं, "कोड काय असेल सांग बघू?" त्यानं ताईचं जन्मवर्ष सांगितलं. बरोबर होतं.

साहेबांनी तिथल्या तिथे आमच्याकडे पाठ करून नवा कोड घातला. मुलगा माझ्याशेजारी उभा होता. "पाच वेळा टक् वाजलं," तो म्हणाला, "आणि शेवटचे दोन एकाच बटणाचे." मग त्याला अंगणात पाठवलं, आणि साहेब पुन्हा पलंगाखाली वाकले.